पेशी मेल्या नव्हत्या, दमल्या होत्या

दोन पिंजरे आहेत. दोन्हींत एकाच जातीचे, एकाच वयाचे उंदीर. दोन्हींना टोचलेला विषाणूही म्हटला तर एकच. पहिल्या पिंजऱ्यातले उंदीर आठ-दहा दिवसांत हा विषाणू पार झटकून टाकतात आणि पुढे जन्मभर त्याला जवळ फिरकू देत नाहीत. दुसऱ्या पिंजऱ्यात मात्र तो मुक्काम ठोकतो. रक्तात दोन-तीन महिने, मूत्रपिंडासारख्या अवयवांत त्याहूनही जास्त. उंदीर जगतात, पण विषाणू सोबतीला घेऊन. दोन विषाणूंमधला फरक शोधायला गेले तर तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या अमिनो आम्लांचा निघतो.

हे दोन पिंजरे रोगप्रतिकारशास्त्रात गेली चाळीस वर्षे जागेवरच आहेत. संसर्गाशी लढणाऱ्या टी पेशी कधी जिंकतात, कधी हात टेकतात आणि हात टेकलेल्यांना पुन्हा उभे करता येते का, हे प्रश्न त्यांच्यावरच सोडवले गेले. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर तपासल्या गेलेल्या एका औषधाचा धागाही उलगडत मागे नेला, तर तो या पिंजऱ्यांपाशी येतो.

पिंजऱ्यांची ही जोडी जमवणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. रफी अहमद. जन्म हैदराबादचा, पदवी उस्मानिया विद्यापीठाची. पुढे अमेरिकेत आयडाहो आणि मग हार्वर्ड, जिथे १९८१मध्ये त्यांनी पीएच. डी. मिळवली. त्यानंतर ते कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत मायकेल ओल्डस्टोन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथे ज्या विषाणूवर काम चाले त्याचे नाव लांबलचक आहे, लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस विषाणू, थोडक्यात एलसीएमव्ही. १९३३मध्ये सेंट लुईस येथील मेंदूज्वराच्या साथीचा शोध घेताना चार्ल्स आर्मस्ट्राँग यांना तो सापडला. साथीचा खरा कारक वेगळाच निघाला, पण हा उंदरांचा विषाणू शास्त्रज्ञांच्या हाती राहिला. माणसाला तो क्वचितच त्रास देतो. असा विषाणू कशाला अभ्यासायचा, असे कुणालाही वाटावे. रोगप्रतिकारशास्त्रावर मात्र त्याचे उपकार इतके आहेत, की नोबेल समितीलाही त्याची दखल घ्यावी लागली.

हा विषाणू ज्या पेशीत शिरतो तिला तो स्वतः फारसा मारत नाही. इजा होते ती त्याच्यामागे लागलेल्या टी पेशींमुळे. त्यामुळे एलसीएमव्हीच्या संसर्गात जे काही दिसते, ते बहुतांशी टी पेशींचेच काम असते. १९७४मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी याच विषाणूच्या साहाय्याने टी पेशींना शत्रू दिसतो तरी कसा, हे शोधून काढले. अँटिबॉडी रक्तात तरंगणाऱ्या विषाणूला थेट चिकटते. टी पेशीला तसे जमत नाही. विषाणू एकदा पेशीच्या आत घुसला, की तो बाहेरून दिसेनासा होतो. मात्र आपली प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे एका खास रेणूवर ठेवून बाहेरच्या भिंतीवर मांडत असते. टी पेशी फिरता फिरता तो तुकडा चाचपते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तशी. तुकडा घरचा असेल तर पुढे जाते, परका असेल तर ती पेशी विषाणूसकट संपवते. या शोधाला १९९६मध्ये नोबेल मिळाले.

अहमद यांचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. नवजात उंदराच्या पिलांना एलसीएमव्ही टोचला, तर त्यांच्या शरीरात तो आयुष्यभर राहतो, हे ठाऊक होते. अशा उंदरांच्या वेगवेगळ्या अवयवांतून विषाणू वेगळा काढून प्रौढ, निरोगी उंदरांना टोचला तर? मेंदूतून काढलेला विषाणू मूळच्या आर्मस्ट्राँग वाणासारखाच वागला. टी पेशी खवळून उठल्या आणि त्यांनी त्याला संपवले. प्लीहेतून, म्हणजे जिथे टी पेशींची वस्ती असते तिथून काढलेला विषाणू मात्र वेगळा निघाला. टी पेशींचा प्रतिसाद त्याने दाबून टाकला आणि प्रौढ उंदरातही ठाण मांडले. त्यातल्या एका नमुन्याला ‘क्लोन १३’ असे नाव पडले. १९८४मध्ये हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ज्या अवयवात प्रतिकारशक्ती नांदते, त्याच अवयवात तिला चकवणारे वाण निवडले गेले होते.

पहिला पिंजरा: जिंकणाऱ्यांची आठवण

आधी जिंकलेल्यांविषयी, कारण लस नावाची गोष्ट त्यांच्यामुळेच चालते.

निरोगी उंदराच्या शरीरात या विषाणूचा एखादा विशिष्ट तुकडा ओळखू शकणाऱ्या मारक टी पेशी, म्हणजे सीडी-८ पेशी, जेमतेम शे-दोनशे असतात. संसर्ग झाला की त्या विभागू लागतात आणि आठव्या दिवशी त्यांची संख्या एक कोटीच्या घरात जाते. विषाणू संपला की त्यातल्या नव्वद-पंचाण्णव टक्के मरून जातात. उरतात त्या स्मृतिपेशी. त्या संख्येने मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त असतात आणि पुन्हा तोच शत्रू दिसला तर आठवडा न लावता कामाला लागतात.

ही गणती करणे सोपे नव्हते. पूर्वीची पद्धत अशी, की पेशी काचेच्या बशीत घ्यायच्या, विषाणूचे तुकडे दाखवायचे आणि ज्या विभागतील त्या मोजायच्या. शाळेतल्या हजेरीसारखे हे. जो ‘हजर’ म्हणेल तोच वर्गात आहे, असे धरायचे. १९९६मध्ये स्टॅनफर्डमध्ये जॉन ऑल्टमन आणि मार्क डेव्हिस यांनी ‘टेट्रामर’ तयार केले. विषाणूचा तुकडा आणि तो मांडणारा रेणू यांच्या चार प्रती एकत्र जोडायच्या आणि त्यांना चमकणारा रंग लावायचा. ज्या टी पेशीचा रिसेप्टर त्या तुकड्यासाठीच घडलेला आहे, तिला हे चिकटते. मग पेशी बोलो न बोलो, चेहऱ्यावरून मोजता येते. ऑल्टमन पुढे अटलांटातील एमोरी विद्यापीठात गेले. अहमद १९९५पासून तिथेच लस संशोधन केंद्र चालवत होते.

१९९८मध्ये अहमद यांच्या प्रयोगशाळेतील मुरली-कृष्णा आणि सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीने मोजले, तेव्हा आकडे उलटेपालटे झाले. संसर्ग ऐन भरात असताना प्लीहेत उत्तेजित झालेल्या सीडी-८ पेशींपैकी फार थोड्याच खरोखर त्या विषाणूसाठी असतात, बाकीच्या उगाच गर्दी करतात, असा समज होता. प्रत्यक्षात ५० ते ७० टक्के पेशी नेमक्या त्याच विषाणूच्या मागावर होत्या. गर्दी नव्हतीच ती, फौजच होती.

माणसात हे पाहायचे तर अडचण येते. कुणाला कोणता संसर्ग नेमका कधी झाला, हे सहसा कळत नाही. त्यावर अहमद यांच्या गटाने पीतज्वराच्या लशीचा मार्ग काढला. आफ्रिकेत नोकरी-धंद्यासाठी जाणाऱ्यांना ही लस आणि तिचे पिवळे कार्ड ओळखीचे असेल. ही लस म्हणजे कमजोर केलेला जिवंत विषाणू. टोचला की शरीरात छोटासा खराखुरा संसर्ग होतो. अमेरिकेत पीतज्वर नसल्याने तिथल्या स्वयंसेवकांच्या टी पेशींना त्याची आधीची ओळख नसते आणि संसर्गाची तारीख घड्याळ लावून ठरवता येते. पहिला पिंजराच जणू, पण माणसांचा.

२०१७मध्ये रमा अकोंडी, अहमद आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लस घेतलेल्यांना सुरुवातीच्या काळात जड पाणी प्यायला दिले गेले. ज्या पाण्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असते ते. त्या दिवसांत जी पेशी विभागेल तिच्या डीएनएत हे ड्युटेरियम जाऊन बसते आणि नंतर पेशी विभागत राहिली तर ते विरळ होत जाते. बऱ्याच काळाने तपासले, तर स्मृतिपेशींमध्ये खूण शाबूत होती. म्हणजे या पेशी त्याच पहिल्या धामधुमीत लढलेल्या होत्या आणि त्यानंतर जवळजवळ न विभागता, शांतपणे जगत होत्या. वर्षातून एकदाही त्या विभागत नव्हत्या. मात्र त्यांच्या डीएनएवर लढाईच्या काळातील रासायनिक खुणा टिकून होत्या आणि शस्त्रांची जनुके अर्धवट उघडी होती. पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र पूर्वी दहा वर्षांनी संपत असे. जुलै २०१६पासून ते आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आयुष्यभर चालते. तो निर्णय मुख्यतः अँटिबॉडी आणि रुग्णनोंदींवर आधारलेला होता, पण टी पेशींची गोष्ट त्याला धरूनच आहे.

कोविडच्या काळात लोक प्रयोगशाळेत जाऊन अँटिबॉडी मोजून घेत होते आणि आकडा उतरला की घाबरत होते. टी पेशी त्या तपासणीत दिसतच नाहीत. २०२०मध्ये सिंगापूरमधील अँतोनियो बेर्तोलेत्ती यांच्या गटाने २००३च्या सार्स साथीतून बचावलेल्यांचे रक्त तपासले. सतरा वर्षांनंतरही त्यांच्यात त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी होत्या, आणि नव्या कोरोना विषाणूचे काही तुकडेही त्या ओळखत होत्या. अँटिबॉडीचा आकडा म्हणजे सगळी प्रतिकारशक्ती नव्हे, हे तेव्हा जरा मोठ्याने सांगितले गेले असते तर बरे झाले असते.

पीतज्वराच्याच कुळातला डेंगी मात्र इतका सरळ नाही. नवी दिल्लीतील आयसीजीईबी या आंतरराष्ट्रीय जैवतंत्रज्ञान केंद्रात एमोरीच्या सहकार्याने अनमोल चंदेले, मुरली-कृष्णा आणि सहकाऱ्यांनी भारतातील डेंगीच्या रुग्णांच्या सीडी-८ पेशी पाहिल्या. २०१६मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तापात या पेशी प्रचंड प्रमाणात वाढतात, मारक शस्त्रांनीही सज्ज दिसतात, पण विषाणूचे तुकडे दाखवल्यावर इंटरफेरॉन गॅमा हे महत्त्वाचे रसायन सोडणाऱ्या त्या मानाने थोड्याच. संख्या आणि काम यांचे गणित प्रत्येक संसर्गात जुळतेच असे नाही. दुसऱ्या पिंजऱ्यात तर ते पारच बिघडते.

दुसरा पिंजरा: न बोलणाऱ्या पेशी

जुनाट संसर्गात टी पेशींचे होते काय? १९९३मध्ये झिंकरनागेल यांच्या झुरिकच्या गटाने एलसीएमव्हीवरच दाखवले, की विषाणू भरमसाट असेल तर मारक टी पेशी जोराने लढतात, संपून जातात आणि नाहीशा होतात. तेव्हाची मोजणी हजेरीच्या पद्धतीची होती. उत्तर नाही, म्हणजे विद्यार्थी नाही.

१९९८मध्ये अॅलन झायॅक, अहमद आणि सहकाऱ्यांनी क्लोन १३ने बाधित उंदरांत टेट्रामर वापरून पाहिले. या उंदरांत मदतनीस सीडी-४ पेशी नव्हत्या. विषाणूच्या एका तुकड्याला ओळखणाऱ्या पेशी खरोखरच नाहीशा झाल्या होत्या. झुरिकचे म्हणणे तितक्यापुरते खरे होते. पण दुसऱ्या तुकड्याला ओळखणाऱ्या पेशी तिथेच होत्या. उत्तेजित झाल्याच्या खुणाही अंगावर होत्या. फक्त त्या काही करत नव्हत्या. मारत नव्हत्या, रसायने सोडत नव्हत्या. वर्गात बसलेल्या, पण नाव पुकारल्यावर गप्प. झुरिकच्या गटालाही त्याच वर्षी असेच काही दिसले.

इंग्रजीत याला ‘एक्झॉशन’ म्हणतात. मराठीत दमछाक म्हणता येईल. ती एकदम होत नाही. पुढे जॉन व्हेरी यांनी अहमद यांच्याकडे काम करताना तिच्या पायऱ्या मांडल्या. आधी पेशी विभागण्यासाठी लागणारे इंटरल्युकिन-२ बनवणे सोडते, मारण्याची ताकद जाते, मग ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर थांबतो, अगदी शेवटी इंटरफेरॉन गॅमा. विषाणू जितका जास्त आणि जितके दिवस समोर, तितकी दमछाक खोल. आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. खऱ्या स्मृतिपेशी शत्रूविना वर्षानुवर्षे जगतात, पण या दमलेल्या पेशी निरोगी उंदरात सोडल्या तर तग धरत नाहीत. ज्या विषाणूने त्यांना दमवले त्याच्यावाचून त्यांचे चालत नाही.

हे सगळे कळूनही हाती काही लागत नव्हते. रोगनिदान झाले, औषध कुठाय? २००६मध्ये त्याचा पहिला सुगावा लागला. दमलेल्या आणि तल्लख पेशींतल्या जनुकांच्या हालचाली शेजारी ठेवून पाहिल्यावर दमलेल्यांमध्ये एक जनुक फार जोरात चाललेले दिसले. पीडी-१. हे प्रथिन क्योटो येथे तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२मध्येच शोधले होते. मरणाऱ्या पेशींत काय घडते याचा शोध घेताना ते सापडले, म्हणून नाव पडले ‘प्रोग्रॅम्ड डेथ-१’. नाव भयंकर असले तरी हे प्रथिन पेशीला मारणारे नाही. ते ब्रेक आहे. समोरच्या पेशीवरचे पीडी-एल१ हे प्रथिन त्याला टेकले, की टी पेशीचा वेग कमी होतो.

अहमद यांच्याकडच्या डॅनियल बार्बर यांनी, हार्वर्डच्या आर्लीन शार्प आणि गॉर्डन फ्रीमन यांच्यासह, क्लोन १३च्या उंदरांना पीडी-एल१ झाकून टाकणारी अँटिबॉडी दिली. ब्रेकवरचा पाय उचलला गेला. पेशी पुन्हा वाढल्या, पुन्हा रसायने सोडू लागल्या आणि विषाणूचे प्रमाण उतरले. मदतनीस पेशी नसलेल्या, सर्वांत हताश उंदरांतही. त्याच वर्षी तीन वेगवेगळ्या गटांनी एचआयव्हीच्या रुग्णांच्या टी पेशींवरही पीडी-१ भरपूर असल्याचे दाखवले. दमछाक ही उंदरापुरती गोष्ट नव्हती.

त्याच शोधनिबंधातली एक नोंद सहसा सांगितली जात नाही. ज्या उंदरांत पीडी-एल१ जन्मतःच नव्हते, त्यांना क्लोन १३ टोचला तेव्हा ते काही दिवसांतच मेले. विषाणूने नव्हे, बेलगाम टी पेशींनी केलेल्या नासधुशीने. शत्रू संपवता येत नसेल तर निदान घर जाळू नये, यासाठीच शरीराने हा ब्रेक ठेवला असावा. आज ही औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना आतड्याला, फुप्फुसाला, थायरॉइडला, क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, ती याच कारणाने.

कर्करोगाच्या गाठीतल्या टी पेशींची अवस्थाही क्लोन १३सारखीच असते. शत्रू महिनोन्महिने समोर, भरपूर, आणि हटायचे नाव नाही. कर्करोगात पीडी-१चा ब्रेक काढण्याचे प्रयत्न होंजो आणि इतरांनी स्वतंत्रपणे आधीच सुरू केले होते, त्यामुळे सगळे श्रेय एमोरीच्या पारड्यात टाकणे बरोबर होणार नाही. २०१४मध्ये जपानमध्ये निव्होलुमॅब आणि अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब या औषधांना त्वचेच्या मेलानोमासाठी मान्यता मिळाली. होंजो आणि जेम्स अॅलिसन यांना २०१८चे नोबेल मिळाले. पण औषध नेमके कुणाला जागे करते, हा प्रश्न तेव्हाही अर्धाच सुटलेला होता.

त्याचे उत्तर पुन्हा दुसऱ्या पिंजऱ्यातून आले. २०१६मध्ये से जिन इम, अहमद आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ब्रेक काढल्यावर ज्या पेशी झपाट्याने वाढतात त्या पार दमलेल्या नसतातच. पीडी-१ असलेल्या पेशींमध्येच एक छोटा गट असतो. त्याच्यात टीसीएफ-१ हे प्रथिन असते, तो प्लीहेसारख्या लसिका अवयवांत राहतो आणि मूळपेशींसारखा हळूहळू स्वतःची संख्या राखत नवे लढवय्ये पुरवत असतो. औषधाने येणारी सगळी नवी कुमक जवळजवळ याच गटातून निघते. घरात कितीही ओढग्रस्त असली तरी शेतकरी बियाण्याच्या कणगीला हात लावत नाही, तसे शरीर हे थोडे बियाणे बाजूला ठेवते. ते संपले असेल तर औषध टोचूनही शेत उगवत नाही.

आणि उगवले तरी किती दिवस? दमलेल्या पेशींच्या डीएनएवर दमछाकीच्या खुणा खोल उमटतात. औषधाने त्या पुसल्या जात नाहीत. पेशी काही काळ लढतात आणि पुन्हा मागे येतात. हेपटायटिस-सी आता गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. विषाणू गेल्यानंतरही रुग्णांच्या टी पेशींवर हे व्रण उरलेले आढळले आहेत.

परळमधले २० मिलिग्रॅम

भारतात या औषधांपुढची पहिली भिंत विज्ञानाची नाही, किमतीची आहे. पूर्ण मात्रेचा उपचार म्हणजे लाखोंचे बिल, आणि तोंडाच्या कर्करोगाचा आपल्याकडचा बहुतेक रुग्ण तंबाखू-गुटख्याच्या सवयीचा, हातावर पोट असलेला. टाटा मेमोरियलच्या डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी इथे एक साधा प्रश्न विचारला. टी पेशींवरचे पीडी-१ झाकायला एवढे औषध लागते का? सुरुवातीच्या अभ्यासांतच दिसले होते, की अगदी थोड्या मात्रेतही बहुतेक पीडी-१ रेणू व्यापले जातात. ब्रेकवरून पाय उचलायचा आहे, पायाला दोर बांधून तीनदा ओढायचा नाही.

डोके-मानेच्या ज्या कर्करोगात पूर्ण बरे होण्याची आशा उरलेली नव्हती, अशा १५१ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला तोंडावाटे घ्यायची कमी मात्रेची तीन औषधे. दुसऱ्याला तीच औषधे आणि दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅबचे २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या सुमारे सहा टक्के. वर्षभरानंतर पहिल्या गटात १६.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यात ४३.४ टक्के. मध्यम आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेले. साडेतीन महिने ऐकायला थोडे वाटतात. ज्याच्या घरी असा रुग्ण आहे त्याला ते थोडे वाटत नाहीत. २०२३मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त हे निष्कर्ष आले आणि इतर गरीब देशांतील डॉक्टरांनीही त्यांची दखल घेतली. या चाचणीत अल्प मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नव्हती, हेही तितकेच खरे. दोन्ही सारख्याच आहेत असे त्यावरून म्हणता येत नाही. ज्यांना एरवी काहीच मिळाले नसते, त्यांना काहीतरी मिळाले, एवढे नक्की म्हणता येते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे क्षयरोग. भारतात कोट्यवधी लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू झोपलेले आहेत. पीडी-१चा ब्रेक काढला की क्षयाविरुद्धच्या टी पेशीही जोमाने लढतील आणि रोग हटेल, असे वाटणे साहजिक आहे. झाले उलटे. पीडी-१ नसलेले उंदीर क्षयाला फार लवकर बळी पडतात, आणि हे स्पष्ट करणाऱ्या संशोधकांत तेच डॅनियल बार्बर होते, ज्यांनी २००६मध्ये ब्रेक काढून विषाणू उतरवला होता. बेभान झालेल्या सीडी-४ पेशी फुप्फुसाची नासधूस करतात आणि जंतूंचे फावते. कर्करोगासाठी ही औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत क्षय उफाळल्याच्या नोंदीही आहेत. म्हणून उपचाराआधी क्षयाचा इतिहास विचारणे आणि औषध सुरू असताना आलेला खोकला किंवा ताप अंगावर न काढणे, हे इथल्या रुग्णाने आणि डॉक्टरांनी युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त काटेकोरपणे करायला हवे.

ज्या संसर्गांतून हे सगळे सुरू झाले, त्यांच्यासाठी ही औषधे अजून आलेली नाहीत. एचआयव्ही किंवा हेपटायटिस-बी यांवर पीडी-१ रोखणारे औषध आज मान्यताप्राप्त उपचार नाही. कर्करोगात मृत्यू समोर उभा असल्याने आतड्याच्या सुजेचा धोका पत्करता येतो. रोजची एक गोळी घेऊन एचआयव्हीसह चाळीस वर्षे जगू शकणाऱ्या माणसाला तो धोका का द्यायचा? अहमद यांच्या गटाने २०२२मध्ये पीडी-१ रोखण्याला इंटरल्युकिन-२ची जोड दिली, तर उंदरांत त्याच राखीव पेशींतून अधिक सक्षम लढवय्ये तयार होतात, असे दाखवले. ते माणसापर्यंत पोहोचेल का, हे चाचण्याच सांगतील.

राखीव पेशींच्या पत्त्यावरून एक प्रश्न शल्यचिकित्सकांपुढेही आला आहे. तोंडाच्या कर्करोगात गाठीबरोबर मानेतल्या लसिका ग्रंथीही बहुधा काढाव्या लागतात, कारण रोग आधी तिथेच पसरतो. पण बियाण्याची कणगीही तिथेच असते. २०२१मध्ये अहमद यांच्या गटाने एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या डोके-मानेच्या कर्करोगात अशा राखीव टी पेशी सापडल्याचे दाखवले. आपल्याकडचा तोंडाचा कर्करोग बहुतांशी तंबाखूचा असल्याने तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी ग्रंथी काढून टाकल्यावर औषध देण्यापेक्षा आधीच द्यावे, या विचाराला त्यातून बळ मिळाले. ७१४ रुग्णांवरच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब शस्त्रक्रियेच्या आधी सुरू करून नंतरही चालू ठेवले गेले. रोग न बळावता गेलेला मध्यम काळ ३०.४ महिन्यांवरून ५१.८ महिन्यांवर गेला आणि जून २०२५मध्ये अमेरिकेत या पद्धतीला मान्यता मिळाली. त्यातल्या पहिल्या दोन मात्रा दिल्या जातात त्या तीन आठवड्यांच्या अंतराने, मानेतल्या ग्रंथी अजून जागेवर असताना.